हंगेरी-पोलंडच्या इतिवृत्ताची मुळे शोधताना : नाशिकमधील एका साधनचिकित्सा वर्गाविषयी

अशोक स्तंभाजवळच्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर यंदा पावसाळ्यात सहा रविवार एक अभ्यासवर्ग चालला. त्या सहाही रविवारी मी हजर होते आणि शेवटच्या दिवशी जिना उतरताना या वर्गाविषयी सविस्तर लिहायचे हे मनाशी नक्की केले. वर्गाचा विषय सांगितला की ऐकणारा आधी हेच विचारतो, की तेराव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलेल्या हंगेरी-पोलंडच्या एका इतिवृत्ताशी नाशिककरांचा संबंध काय. मीही नाव नोंदवताना हेच विचारले होते. सहा रविवारांचे शुल्क दीड हजार रुपये, त्यात छापील कागद आणि चहा. एवढ्या पैशांत मला जे मिळाले ते इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत मिळाले नव्हते, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

वर्ग घेणारे सर निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि लॅटिन पुढे स्वतःच्या हौसेने आत्मसात केले. पहिल्याच तासाला एका वकीलसाहेबांनी त्यांना विचारले, की एवढी मेहनत करायचीच असेल तर आपल्या बखरींवर का करू नये. सरांनी दिलेले उत्तर मी वहीत उतरवून घेतले आहे : "बखर समोर ठेवली की आपण वाचायच्या आधीच बाजू घेतो. हा मजकूर असा आहे, की तो खरा ठरला काय आणि खोटा ठरला काय, आपल्यापैकी कोणाच्याच घरी चूल बंद राहणार नाही. आधी इथे हात बसू द्या." मी शाळेत इतिहास शिकवते. एखाद्या प्रसंगाचा आधार कोणता, हा साधा प्रश्न वर्गात विचारला तरी पालकांचा निरोप येतो, हा माझा अनुभव आहे, आणि म्हणून हे उत्तर मला मनापासून पटले. ज्या राजाविषयी आपल्याला प्रेम नाही आणि राग नाही, त्याच्या कथेवर चिकित्सेचा सराव करण्यात एक मोकळेपणा असतो. आठवडाभराने त्याच डोळ्यांनी घरचा कागद वाचला की तो वेगळा दिसू लागतो.

आता या मजकुराविषयी. हस्तलिखितांतील त्याचे शीर्षकच मोठे प्रामाणिक आहे : 'पोलिश इतिवृत्तांशी जोडलेले व मिसळलेले हंगेरियनांचे इतिवृत्त, आणि संत स्टीफनचे चरित्र'. जोडलेले आणि मिसळलेले! लेखकाने, किंवा निदान नक्कल करणाऱ्याने, आपले काम कसे झाले हे दारावरच लिहून ठेवले आहे. कथा सुरू होते हूण राजा अ‍ॅटिलापासून, ज्याला इथे हंगेरियनांचा मूळ राजा मानले आहे. तो मोहिमा करत रोमच्या दिशेने निघतो, देवदूत त्याला माघारी वळवतो आणि तुझ्या वंशातील एकजण नम्रपणे रोमला येऊन मुकुट मिळवील असे वचन देतो. पुढे त्याचे वंशज, मग पहिला ख्रिस्ती राजा स्टीफन, त्याचा मुकुट, त्याचे राज्य, त्याच्यानंतरची भाऊबंदकी, आणि शेवटी पोलंडमध्ये वाढलेला राजा लाडिस्लाउस. मूळ लेखकाच्या हातची प्रत आज नाही. मोठा पाठ आणि छोटा पाठ अशी दोन रूपे उरली आहेत, आणि मोठ्या पाठाची सर्वांत जुनी प्रत चौदाव्या शतकातील झामोयस्की संग्रहाच्या कोडेक्समध्ये, म्हणजे हस्तलिखित ग्रंथात, आहे, जो आता वॉर्सात पोलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बहुतेक अभ्यासक मूळ रचना तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवतात. म्हणजे रचनेपासून आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रतीपर्यंत शंभरहून अधिक वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या एक्याण्णव कलमी बखरीची मूळ प्रत हाती नाही, तिच्यापासून निघालेले पाठ तेवढे आहेत. इथली अडचण त्याच जातीची आहे, हे ज्यांनी बखरी हाताळल्या आहेत त्यांच्या लगेच लक्षात येईल.

वर्गाची पद्धत फार सोपी, आणि म्हणूनच फार चांगली आहे. प्रत्येकाला एक लांब कागद मिळतो. त्यावर दोन स्तंभ असतात. उजवीकडे इतिवृत्ताचा उतारा, डावीकडे ज्या जुन्या ग्रंथातून तो आला असावा असा संशय आहे त्याचा उतारा. दोन्ही मूळ लॅटिन देवनागरीत लिप्यंतर करून, आणि प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ. लॅटिनचे व्याकरण शिकवले जात नाही आणि त्याची गरजही पडत नाही. संस्कृतच्या विभक्ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना दुसऱ्या रविवारपासून शेवटच्या अक्षरांवरून कर्ता-कर्म ओळखता येऊ लागते. मग रंगीत पेन्सिली. उजव्या स्तंभातील जे शब्द डावीकडे जसेच्या तसे सापडतील ते हिरवे. अर्थ तोच पण शब्द बदललेले असतील तर निळे. बायबलमधून उचललेले वाक्य पिवळे. जे कुठेच सापडत नाही ते कोरे ठेवायचे. जुन्या युरोपीय संपादनांमध्ये दुसऱ्या ग्रंथातून घेतलेला मजकूर बारीक टायपात छापण्याची प्रथा आहे, तेच काम आम्ही हाताने केले. छापलेला बारीक टाइप डोळा ओलांडून जातो. स्वतः रंगवलेला कागद तसा ओलांडता येत नाही.

पहिल्या दोन रविवारी माझा कागद जवळजवळ हिरवागार झाला. या इतिवृत्ताचा मुख्य आधार म्हणजे हार्टविक नावाच्या बिशपने लिहिलेले संत स्टीफनचे चरित्र. राजा कोलोमनच्या आज्ञेने, म्हणजे १०९५ ते १११६ या त्याच्या राज्यकाळात, ते लिहिले गेले. इतिवृत्तकाराने त्यातील पानेच्या पाने उचलली आहेत. वाक्यरचना तीच, विशेषणे तीच, कित्येकदा वाक्याची सुरुवात करणारे अव्ययसुद्धा तेच. दुसऱ्या रविवारी सरांनी आमच्या हाती तिसरा स्तंभ दिला तेव्हा मात्र वर्ग थबकला. हार्टविकचा मजकूर हाही त्याचा स्वतःचा नव्हता! स्टीफनला १०८३ मध्ये संतपद मिळाले, त्या सुमारास एक मोठे चरित्र लिहिले गेले होते, त्यानंतर एक छोटे. हार्टविकने ही दोन्ही समोर ठेवून, कुठे याचे कुठे त्याचे वाक्य घेऊन, मधले सांधे स्वतः भरले. म्हणजे तेराव्या शतकातला लेखक ज्याला मूळ समजून नक्कल करत होता तेच दुहेरी नकलेतून तयार झालेले होते. हिरव्या रंगाखाली आम्ही पुन्हा दोन रंगांच्या रेघा ओढल्या, आणि मग हार्टविकची स्वतःची भर तेवढी वेगळी उरली. त्या भरीत सर्वांत मोठी आहे ती रोमच्या मुकुटाची कथा.

या एका कथेवर सरांनी पूर्ण अडीच तास दिले आणि तो संपूर्ण वर्गाचा कळस होता. हार्टविक सांगतो ते असे : स्टीफनने बिशप आस्ट्रिकला पोपकडे मुकुट मागण्यासाठी पाठवले. त्याच वेळी पोलंडच्या मिएश्कोनेही मुकुट मागितला होता आणि पोपने त्याच्यासाठी उत्तम मुकुट घडवून तयार ठेवला होता. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री पोपला स्वप्नात देवदूत दिसला आणि म्हणाला, की उद्या एका अनोळखी लोकांचे दूत येतील, मुकुट त्यांना दे. त्याप्रमाणे मुकुट हंगेरीला गेला.

आता यातील तारखा पाहाव्यात. स्टीफनच्या वडिलांचा, गेझाचा, मृत्यू ९९७ मध्ये झाला, आणि स्टीफनचा राज्याभिषेक १००० च्या अखेरीस किंवा १००१ च्या आरंभी. पोलंडचा पहिला मिएश्को ९९२ मध्येच वारला होता. त्या वेळी पोलंडच्या गादीवर होता त्याचा मुलगा बोलेस्वाव्ह, ज्याला मुकुट मिळाला तो थेट १०२५ मध्ये. म्हणजे ज्या मिएश्कोच्या हातून मुकुट निसटल्याची कथा आहे तो मुकुट मागायला हयातच नव्हता. मग हार्टविकने ही कथा का लिहिली? सरांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी मेर्सेबुर्गच्या बिशप थीटमारचे एकच वाक्य फळ्यावर लिहिले. थीटमार १०१८ मध्ये वारला, म्हणजे तो स्टीफनचा समकालीन; आणि तो म्हणतो की स्टीफनला मुकुट आणि आशीर्वाद मिळाले ते सम्राटाच्या कृपेने आणि त्याच्या प्रेरणेने. थीटमार सम्राटाचे नाव घेतो, हार्टविक पोपचे. शंभर वर्षांनंतर कोलोमनच्या दरबारात बसलेल्या बिशपला, आपल्या राजांचा मुकुट जर्मन सम्राटाच्या उपकारातला नाही हे ठासून सांगणे का आवश्यक वाटले असेल, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

एवढे झाल्यावर आम्ही पुन्हा उजव्या स्तंभाकडे वळलो, कारण आमचे इतिवृत्त ही कथा हार्टविककडून घेते खरे, पण तिची धार काढून टाकते. हार्टविकच्या लेखी मिएश्को केवळ हरणारा आहे. मुकुट गेला आणि त्याचे काम संपले. इतिवृत्तात तसे होत नाही. दोन्ही राज्यांनी प्रेमाने राहावे अशी पोपची इच्छा होते, पुढे स्टीफन आणि मिएश्को भेटतात, एकमेकांना मैत्रीचे वचन देतात. हा भाग माझ्या कागदावर पूर्ण कोरा राहिला. जुन्या चरित्रांत त्याला काहीही आधार नाही. आपला लेखक कोणासाठी लिहीत होता ते त्याच्या कोऱ्या जागांवरून कळते, हिरव्या जागांवरून नाही, ही गोष्ट मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

स्टीफनच्या आईचेही तसेच. इतिवृत्तात ती पोलंडची राजकन्या आहे, नाव अडेलहाइड, मिएश्कोची बहीण. ती धर्मशील आहे आणि तिच्यामुळेच नवरा ख्रिस्ती धर्माकडे वळतो. हंगेरीच्या इतर ग्रंथांमध्ये मात्र स्टीफनची आई शारोल्ट, ट्रान्सिल्वेनियातील ग्युला या सरदाराची मुलगी. थीटमारने तर तिचे असे वर्णन केले आहे की ते ऐकून वर्गातील सगळ्यांनी माना वर केल्या : स्लाव्ह भाषेत तिला 'सुंदर राणी' म्हणत, ती बेसुमार मद्य पीत असे, शिपायासारखी घोड्यावर बसत असे आणि रागाच्या भरात तिने एका माणसाला ठार केले होते. ही बाई आणि इतिवृत्तातील पुण्यशील अडेलहाइड एकच कशी असेल? अडेलहाइडचे नाव काही पोलिश वार्षिकींतही, म्हणजे वर्षवार नोंदींच्या ग्रंथांतही, सापडते. पण तिथून ते इतिवृत्तात आले की इतिवृत्तातून तिथे गेले, हा प्रश्न त्या नोंदी केव्हा लिहिल्या गेल्या यावर अवलंबून आहे. दोन ठिकाणी नोंद सापडली म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असे होत नाही, एकाने दुसऱ्याचे ऐकून सांगितले असेल तर साक्षीदार एकच, हे वकीलसाहेबांनी त्यांच्या भाषेत सांगितले आणि सरांनी ते तसेच फळ्यावर लिहिले.

इथे मला घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मी वर्गातही सांगितली होती. आमच्या घराण्याकडे पंचवटीत तीर्थोपाध्येपण आहे. गोदेवर येणाऱ्या यजमानांच्या कुळांच्या नामावळी आमच्या वह्यांमध्ये कित्येक पिढ्यांपासून उतरलेल्या आहेत. एखादी वही कसरीने खाल्ली, पाण्याने भिजली की तिची नक्कल करावी लागे. मी लहान असताना काका जुनी मोडी वही वाचत, आजोबा नव्या वहीत लिहीत आणि पान उलटायला मी बसत असे. पुढे एका यजमान घराण्याची माणसे आली तेव्हा लक्षात आले, की आमच्या नव्या वहीत त्यांच्या दोन सख्ख्या भावांचे बाप-लेक झाले आहेत. जुनी वही काढून पाहिली. दोन नावे शेजारी होती, मध्ये पुसट डाग होता, आणि काकांनी त्या डागाचे 'बिन' वाचले होते. एका अक्षराच्या डागाने एक पिढी वाढली. त्या घराण्याने पुढे आमच्याच वहीवरून आपली वंशावळ छापून घेतली असती, तर आज त्यांच्याकडेही 'पुरावा' असता, आणि दोन ठिकाणी नोंद आहे म्हणून कोणी शंका घेतली नसती. हे ऐकून सर म्हणाले, "ताई, तुम्ही हा वर्ग तुमच्या घरीच करून आला आहात."

काकांच्या आणि आजोबांच्या त्या बैठकीमुळेच कदाचित, नावांचा तास मला सर्वांत जवळचा वाटला. इतिवृत्तात अ‍ॅटिलाचे नाव आहे अक्विला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गरुड. गेझाचे नाव आहे येस्से, आणि येस्से म्हणजे बायबलमधील इशाय, दावीद राजाचा बाप. ज्याचा मुलगा संत आणि राजा दोन्ही झाला त्या बापाला इशाय हे नाव पडावे, हे पाद्र्याच्या कानाला किती सहज वाटले असेल! ऐकून लिहिणारा माणूस अनोळखी नाव ऐकतो आणि त्याला माहीत असलेल्या जवळच्या नावात ते बसवतो. आमच्या वह्यांत अशी डझनावारी नावे आहेत. स्टीफनच्या मुलाचे, इम्रेचे, नाव इतिवृत्तात हेन्रिकस आहे, आणि तेही मी घाईने चुकलेल्या नावांच्या रकान्यात टाकले. सरांनी ते तिथून काढायला लावले. हिल्डेसहाइमच्या वार्षिकीत १०३१ खाली नोंद आहे, की स्टीफन राजाचा मुलगा हेन्रिकस शिकारीत रानडुकराने फाडल्याने मेला. इम्रे आणि हेन्रिकस हे एकच नाव आहे, मुलाच्या मामाचे नाव हेन्री, तो पुढे सम्राट झाला. म्हणजे जिथे मला चूक दिसली तिथे जुना आणि खरा पाठ होता. आपल्या कानाला खटकणारा प्रत्येक शब्द अपपाठ नसतो. पोथ्या हाताळणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असते, पण स्वतः एकदा चुकल्यावर ते जसे लक्षात राहते तसे ऐकून राहत नाही.

कथेच्या आरंभाविषयी, म्हणजे अ‍ॅटिलाच्या भागाविषयी, मला आणखी वेळ हवा होता. या भागात अक्विला क्रोएशिया आणि स्लाव्होनियात जातो, कारण तिथल्या लोकांनी आपल्याच कासिमिर नावाच्या राजाला मारलेले असते आणि देवदूताने त्याचा सूड घेण्याची आज्ञा दिलेली असते. द्रावा आणि सावा या नद्यांच्या मधल्या प्रदेशात मोठी लढाई होते. असा राजा इतिहासात नाही. परंतु क्रोएशियाचा राजा झ्वोनिमीर १०८९ मध्ये वारला, त्याला त्याच्या प्रजेनेच मारले अशी दंतकथा पुढे रूढ झाली, आणि १०९१ मध्ये हंगेरीचा लाडिस्लाउस खरोखरच क्रोएशियात उतरला. अकराव्या शतकातील एक मोहीम पाचव्या शतकातील राजाच्या अंगावर चढवली गेली आहे, असे अभ्यासक म्हणतात, ते यामुळे. अ‍ॅटिलाला हंगेरियनांच्या वंशात बसवण्याची कल्पनाही या लेखकाची एकट्याची नाही. बेला राजाचा जो निनावी लेखक सुमारे १२०० नंतर लिहीत होता, तोही आर्पाडचे, म्हणजे स्टीफनचेच, राजघराणे अ‍ॅटिलापर्यंत नेतो. पण दोघांच्या वाक्यांत हिरवा रंग कुठे भरता येत नाही. कल्पना सारखी, शब्द वेगळे. अशा वेळी एकाने दुसऱ्याचे वाचले म्हणावे, की दोघांनी एकच गाणे ऐकले म्हणावे? या प्रश्नावर वर्गात चर्चा रंगू लागली तेव्हाच वेळ संपली, आणि पुढच्या रविवारी सर पुढच्या उताऱ्याकडे गेले. ही माझी या वर्गाविषयीची सर्वांत गंभीर तक्रार आहे. जिथे लेखी साधन संपते आणि तोंडी परंपरा सुरू होते तो काठ अर्ध्या तासात उरकायचा नव्हता.

लेखक कोण असावा याविषयी पोलिश संशोधिका रिशार्दा ग्झेशिक यांचे मत सरांनी नीट समजावले. हंगेरीचा राजपुत्र कोलोमन (हार्टविकच्या काळचा राजा कोलोमन वेगळा) १२२६ पासून स्लाव्होनियाचा ड्यूक होता. त्याची पत्नी सालोमेआ ही क्राकूचा ड्यूक लेशेक याची मुलगी. कोलोमन १२४१ मध्ये मंगोलांशी झालेल्या मोहीच्या लढाईतील जखमांनी वारला आणि सालोमेआ पोलंडला परत गेली. अशा दरबारात, जिथे नवरा हंगेरियन, बायको पोलिश आणि राज्य स्लाव्होनियाचे, हे इतिवृत्त लिहिले गेले असे मानले तर कितीतरी कोऱ्या जागा आपोआप बोलू लागतात : स्टीफनची आई पोलिश का, मिएश्कोचा सन्मान का, अक्विला क्रोएशियातच का जातो, आणि मजकूर पोलंडच्या कोडेक्सांमध्ये कसा पोहोचला. हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हेही सरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. तरीही माझ्यापुरते सांगायचे तर, साधनांची छाननी आधी आणि लेखकाची ओळख नंतर, हा क्रम त्यांनी पाळला म्हणूनच ते अनुमान इतके पटले. पहिल्याच दिवशी सांगितले असते तर आम्ही सगळा कागद त्या अनुमानाच्याच रंगाने रंगवला असता.

उणिवाही सांगायला हव्यात. वर्गात आधारासाठी घेतलेली प्रत ऑगुस्ट बिएलोव्स्की यांनी १८६४ मध्ये ल्वूव्हहून प्रसिद्ध केलेल्या पोलिश साधनसंग्रहाच्या पहिल्या खंडातील आहे. ती सहज मिळते हे खरे, पण १९३८ मध्ये बुडापेस्टहून निघालेल्या संपादनातील पाठभेद सरांनी फक्त तोंडी सांगितले; ते छापील कागदावर तळटीप म्हणून आले असते तर घरी पुन्हा पडताळता आले असते. लिप्यंतरात छापण्याच्या चुका आहेत, आणि जिथे एकेक अक्षर जुळवायचे आहे तिथे त्या विशेष खटकतात. चौथ्या रविवारच्या कागदावर 'ऱ्हस्व-दीर्घ' इतके सरमिसळ झाले होते की आमच्यातील संस्कृतच्या शिक्षिकेने मधल्या सुट्टीत सगळ्यांचे कागद गोळा करून पेनने दुरुस्त केले. सभागृहात खुर्च्या पुरेशा आहेत, पण लांब कागद पसरायला बाके नाहीत. पावसात वीज गेली की खिडकीजवळ सरकावे लागते. गाडी लावायला जागा नाही. पंचवटीकडून येणाऱ्यांनी सरळ चालत यावे.

पाचव्या रविवारचे एक वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. स्टीफन आणि मिएश्को यांच्या भेटीच्या प्रसंगात इतिवृत्तकार म्हणतो, की त्या काळी पोलंडची हद्द डॅन्यूबच्या काठी, एस्टरगोम नगरापाशी संपत होती. नकाशा काढून पाहिला तर याचा अर्थ आजचा बराचसा स्लोव्हाकिया तेव्हा पोलंडच्या ताब्यात होता असा होतो. या एका वाक्यावर काही इतिहासकारांनी त्या प्रदेशातील पोलिश राज्याचे चित्र उभे केले आहे, आणि इतरांनी त्याला तितक्याच जोराने विरोध केला आहे. माझ्या कागदावर ते वाक्य कोरे आहे. हार्टविकमध्ये नाही. मोठ्या चरित्रात नाही, छोट्यात नाही, बायबलमध्ये नाही. ज्या भेटीच्या वर्णनात ते बसवले आहे ती भेट तर तारखांनुसार होऊच शकत नव्हती. पण तेवढ्याने वाक्य बाद होते का? खोट्या प्रसंगाच्या कोंदणात एखादी जुनी, खरी आठवण बसवलेली असू शकते. आमच्या वह्यांत चुकीच्या पिढीखाली बरोबर गावाचे नाव सापडते तसे. मी सरांना विचारले, "सर, मग इथे कुठला रंग?" त्यांनी माझा कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, आणि म्हणाले, "कोराच ठेवा. तारीख घालून ठेवा, म्हणजे पुढे कधी काही सापडले तर आपण केव्हापासून थांबलो आहोत ते कळेल." त्या जागेशेजारी मी पेन्सिलीने तारीख घातली आहे.

हा वर्ग कोणासाठी, हे शेवटी सांगते. बखरी, कुळकथा, स्थलमाहात्म्ये, देवस्थानांचे कागद यांच्याशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येकाने तो करावा. इतिहासाच्या शिक्षकांनी तर अवश्य करावा. ज्यांना केवळ रंजक कथा हव्या आहेत त्यांना पहिल्या रविवारनंतर कंटाळा येईल. घरी आठवड्याला चार-पाच तास बसण्याची तयारी हवी, कारण दिलेला उतारा रंगवून न आणणाऱ्याला पुढच्या तासात काही कळत नाही. कोणाला मध्येच संदर्भ पाहायचे असतील तर १८४० पासून चालत आलेले आपले सार्वजनिक वाचनालय जवळच आहे. लॅटिन तिथे अपेक्षू नये, पण बखरींची जुनी संपादने शेजारी ठेवून बसायला शांत जागा मिळते, आणि मी दोन शनिवार तेच केले.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे, आठ रविवारांचा, आणि या वेळी अ‍ॅटिलाच्या भागाला दोन पूर्ण दिवस देणार असे सरांनी कबूल केले आहे. मी पुन्हा नाव नोंदवले आहे. जाणाऱ्यांनी रंगीत पेन्सिली स्वतःच्या न्याव्यात. तिथल्या डब्यांमध्ये पिवळ्या अजून अख्ख्या आहेत, हिरव्या मात्र बोटभरही उरलेल्या नाहीत.